कार्ड ब्लॉक झालंय, पण का ते कुणीच सांगत नाही

वाशिष्ठीकाठ | सोम, ९ जून २०२५, २१:१४

चार दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल.

आई ७१ वर्षांची आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते गेल्यापासून तिला फॅमिली पेन्शन मिळते. खातं चिपळूणच्या शाखेत. २२ जुलै २०२१चा पूर आला तेव्हा आमचं तळमजल्याचं सगळं सामान वाहून गेलं. त्यानंतर मी तिला पुण्याला घेऊन आले. तिकडचं घर तेव्हापासून बंदच असतं. खातं मात्र तिनं हलवू दिलं नाही.

गेल्या गुरुवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बिल ३८ हजार. ते तिला स्वतःच्या पैशांतून भरायचं होतं, लेकीकडे हात पसरायचा नाही हा तिचा स्वभाव. मशीनमध्ये कार्ड घातलं, पिन टाकला, नाही झालं. पुन्हा केलं, तेच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, कार्ड ब्लॉक दाखवतंय." पैसे मी भरले, अडलं काहीच नाही. पण आई जी गप्प झाली ती घरी येईपर्यंत. मागे रांगेत सात-आठ माणसं उभी होती.

तिथल्याच बाकावर बसून कस्टमर केअरला फोन लावला. २२ मिनिटं संगीत. मग सांगितलं, खातेदारच बोलले पाहिजेत. आईच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यात अजून मोतीबिंदू. "कार्डावरचे सोळा आकडे सांगा." कार्ड वापरून वापरून आकडे पुसट झालेले, उजेडात तिरकं धरलं तर दिसतात. मी तिरकं धरून तिच्या कानात एकेक आकडा सांगत होते. पलीकडून आवाज आला, "पीछे से कोई बता रहा है, मैं यह कॉल आगे नहीं ले सकता." आणि फोन बंद.

त्यानंतर तीनदा फोन केला. एकदा "सिक्युरिटी रीझन", एकदा "सिस्टिममध्ये ब्लॉक आहे", एकदा "होम ब्रँचला जा". आज पुण्यातल्या शाखेत गेलो तर तिथेही होम ब्रँच. चिपळूणच्या शाखेचा फोन वाजत राहतो, उचलत कुणी नाही.

बँकेनं कार्ड ब्लॉक केलं याचा मला राग नाही. सुरक्षेसाठी केलं असेल तर चांगलंच केलं. पण कशासाठी केलं ते सांगायला बँक बांधील आहे की नाही? आणि ते लेखी मिळवायचं असेल तर काय करायचं?

बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया विचारू नका.

---

मुलुंडची_मैना | सोम, ९ जून २०२५, २१:४०

आधी आईंचा डोळा कसा आहे ते सांगा. थेंब वेळेवर घालताय ना?

माझ्या सासूबाईंचं केवायसी राहिलं म्हणून असंच झालं होतं. ते बघून घ्या.

---

रानमेवा | सोम, ९ जून २०२५, २१:५२

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला दिला होता का? पेन्शनर लोकांचं तिथेच अडतं.

---

गडहिंग्लजचा_नाना | सोम, ९ जून २०२५, २२:३१

ताई, बँकेत ३४ वर्षं काढली, २०१९ला रिटायर झालो. सांगतो ते नीट बघा.

रानमेवा, हयातीचा दाखला नसला तर पेन्शन जमा व्हायची थांबते. कार्ड ब्लॉक होत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या. केवायसी राहिलं तर बऱ्याच वेळा सगळं खातंच अडकतं. ताई, मे महिन्याची पेन्शन जमा झाली का, अन् स्लिप भरून पैसे निघतात का? दोन्हीला हो असेल तर खातं धडधाकट आहे, दुखणं कार्डाचंच आहे.

आता कार्डाचं. 'ब्लॉक' या एका शब्दात तीन प्रकार असतात. पिन लागोपाठ तीनदा चुकला तर कार्ड अडतं, ते साधारण दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतं. दुसरा तात्पुरता ब्लॉक, तो ग्राहक स्वतः ॲपवरनं करतो किंवा बँकेला शंका आली तर बँक करते. खात्री पटली की निघतो. तिसरं हॉटलिस्ट. हॉटलिस्ट झालेलं कार्ड देव आला तरी उघडत नाही, नवीनच घ्यावं लागतं. तुम्हाला चार वेळा फोनवर ह्यातलं कुठलं ते सांगितलं नाही, इथंच खरी खोट आहे. ते सांगायला अर्धं मिनिट लागतं.

दोन गोष्टी तपासा. खात्यावर पत्ता कुठला आहे? आणि आईंच्या फोनवर मार्च-एप्रिलमध्ये नवीन कार्ड पाठवल्याचा मेसेज आलाय का?

---

अपरांत | मंगळ, १० जून २०२५, ०८:०५

थोडी दुसरी बाजू मांडतो. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता माझ्या कार्डावर परदेशातल्या कुठल्याशा दुकानातून तीन व्यवहार झाले. चौथ्याला बँकेनं कार्ड ब्लॉक केलं. तो ब्लॉक नसता तर खातं धुऊन निघालं असतं. सकाळी सहाला मी तक्रार नोंदवली, दहा कामाच्या दिवसांच्या आत तिन्ही रकमा तात्पुरत्या परत जमा झाल्या आणि पुढे कायम झाल्या.

त्या फोनवरच्या मुलानं मागून कुणी आकडे सांगतंय म्हणून कॉल बंद केला, हे मला बरोबरच वाटतं. त्याला काय माहीत तुम्ही लेक आहात की आणखी कुणी?

---

वाशिष्ठीकाठ | मंगळ, १० जून २०२५, १०:२०

मैनाताई, डोळा छान आहे, पट्टी निघाली. थेंब चार वेळा, मोबाईलला गजर लावलाय.

अपरांत, मुद्दा पटतो. पण मग तिनं करायचं काय होतं? तिला दिसतच नव्हतं. ती हे दोनदा म्हणाली, "बाळा, माझं आजच डोळ्याचं ऑपरेशन झालंय." एवढ्या वाक्यावर तो थांबायला हवा होता.

नाना, पेन्शन जमा झालीय. पत्ता चिपळूणचाच आहे. मेसेज रात्री बघते, आईचा साधा बटणांचा फोन आहे आणि त्यात मेसेजचा ढीग आहे. दरम्यान नेटवर शोधताना त्या शाखेच्या नावापुढे एक मोबाईल नंबर सापडलाय. तो दुपारी लावून बघणार आहे.

---

मांडवीकिनारा | मंगळ, १० जून २०२५, १०:३३

ताई, तो नंबर लावू नका! हे वाचेपर्यंत कुठेही फोन करू नका.

मी पणजीला असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या भावाचं कार्ड एटीएममध्ये अडकलं. त्यानं नेटवर कस्टमर केअर शोधलं, वरच जो मोबाईल नंबर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलला. खऱ्या कस्टमर केअरला अर्धा तास लागतो, हा पहिल्या रिंगला उचलतो. "कार्ड अनब्लॉक करून देतो, एक ॲप घ्या." त्या ॲपमुळे भावाची स्क्रीन त्याला दिसायला लागली. ओटीपी आला तो त्यानं तिथूनच वाचला. ६४ हजार गेले. वहिनीनं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून त्यातले काही मधल्या खात्यात गोठवता आले, बाकीच्यांवर पाणी सोडावं लागलं.

नकाशावर, शोधात दिसणारे नंबर कुणीही टाकू शकतो. कार्डाच्या मागे छापलेला किंवा पासबुकावरचा नंबर तेवढाच खरा. कार्ड ब्लॉक झालेला माणूस घाबरलेला असतो, घाईत असतो, आणि खरी बँक फोन उचलत नसते. हे चोर नेमके तिथेच बसलेले असतात.

---

वाशिष्ठीकाठ | मंगळ, १० जून २०२५, १०:५८

अंगावर काटा आला. नाही लावला. पासबुकावर शाखेचा जो नंबर आहे तो वेगळाच आहे. मनापासून आभार.

---

मुलुंडची_मैना | मंगळ, १० जून २०२५, ११:१५

मांडवीकिनारा +१. हा प्रतिसाद मी घरच्या ग्रुपवर टाकतेय, चालेल ना?

---

मांडवीकिनारा | मंगळ, १० जून २०२५, ११:२१

जरूर टाका. दादाला विचारूनच लिहिलंय.

---

हेडफोन_उतरवला | मंगळ, १० जून २०२५, १३:४७

मी अडीच वर्षं एका बँकेच्या कॉल सेंटरला होतो, ऐरोलीत. आता ते काम सोडलंय. आतून कसं असतं ते सांगतो.

फोन आला की आमच्या स्क्रीनवर कार्डाचं स्टेटस दिसायचं. कधी कारण पूर्ण लिहिलेलं असायचं, कधी नुसता कोड. खातेदाराची ओळख पटल्याशिवाय त्यातलं काही बोलायचं नाही. हे योग्यच आहे, कारण पलीकडे चोरही असू शकतो. मागून आवाज आला तर कॉल थांबवायचा, ही सूचनाही खरी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याचे पैसे काढू बघणारा पुतण्या मी स्वतः ऐकलाय. आजोबा रडत होते.

पण ताई, तुमच्या आईंच्या बाबतीत तो मुलगा चुकला. कॉल बंद करण्याआधी नोंद टाकता येते. "आजी, घरी जाऊन शांतपणे फोन करा, मी इथे ऑपरेशनचं लिहून ठेवतो," एवढं बोलायला बंदी नसते. ते न बोलण्याचं कारण म्हणजे घड्याळ. प्रत्येक कॉल ठरावीक मिनिटांत संपला पाहिजे, महिन्याचा इन्सेंटिव्ह त्यावर असतो. अडलेल्या म्हाताऱ्या माणसाला वेळ दिला की आमचा आकडा बिघडायचा. माझा बिघडायचा, आणि टीम लीडर बोलावून घ्यायचा.

पुढचा फोन आईंना स्वतःला करू द्या. सोळा आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर ठेवा, काम झालं की कागद फाडून टाका. सीव्हीव्ही, पिन, ओटीपी कुणी मागितलं तर फोन ठेवायचा. ओळख पटली की दोनच प्रश्न: "ब्लॉक तात्पुरता आहे की कायमचा?" आणि "या कॉलचा तक्रार क्रमांक काय?" क्रमांक मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. क्रमांक पडला की ते प्रकरण त्यांच्या यादीत चढतं, कुणालातरी उत्तर लिहून ते बंद करावं लागतं. क्रमांक नसलेला फोन हवेत जातो.

---

टोरांटोची_रेवा | मंगळ, १० जून २०२५, १९:०२

परदेशातून हे आणखी अवघड होतं. माझं कार्ड इथे ब्लॉक झालं तेव्हा भारतातला १८००चा नंबर इथून लागेचना. दुसरा नंबर मिळाला तर ओटीपी भारतातल्या सिमवर, आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद. नवीन कार्ड फक्त भारतातल्या पत्त्यावर. शेवटी नाशिकला बाबांच्या हाती कार्ड पडलं आणि मावसबहिणीबरोबर इथे आलं. पाच महिने लागले. आता सिम दर महिन्याला आठवणीनं चालू ठेवते.

---

गोधडी | मंगळ, १० जून २०२५, २०:१०

माझ्या आजीचा किस्सा सांगते. कार्डासाठी फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. मशीन बोलायला लागलं, "मराठीसाठी तीन दाबा." आजीनं लगेच पदर सारखा केला, तोंड फोनजवळ नेलं आणि म्हणाली, "दाबते हो बाई, पण आधी तुझं नाव सांग, जेवलीस का?" आम्ही सगळे हसून लोळलो. पुढे खरी मुलगी लाइनवर आली तेव्हा आजीनं तिलाही जेवणाचं विचारलं. ती मुलगी सांगलीची निघाली. दहा मिनिटांत काम झालं आणि वर आजीला वांग्याच्या भरताची कृती सांगावी लागली.

---

लातूरची_सई | मंगळ, १० जून २०२५, २१:२६

गोधडी, तुमच्या आजीला नमस्कार. तुमच्या किस्स्यात काम का झालं ते बघा, समोरचं माणूस मराठी बोलणारं होतं.

आमच्याकडं गावात एटीएमवर मराठी आहे, पासबुकावर मराठी आहे, पण मेसेज येतो इंग्रजीतच. माझ्या सासऱ्यांना सातवीपर्यंतचं शिक्षण, पेपर रोज अथपासून इतिपर्यंत वाचतात. त्यांना मराठीत मेसेज आला तर लगेच कळेल. इंग्रजी मेसेज आला की म्हणतात, कर्जाची जाहिरात असेल. ताई, आईंच्या फोनमधले मेसेज एकेक करून बघा. मला तर तिथंच काहीतरी सापडेल असं वाटतंय.

---

वाशिष्ठीकाठ | मंगळ, १० जून २०२५, २२:४४

सई, नाना, सापडलं.

आईच्या फोनमध्ये १८७ मेसेज होते. एकेक उघडत गेले. रिचार्ज, कर्ज, लॉटरी, पुन्हा कर्ज. आणि मध्येच ११ एप्रिलचा बँकेचा इंग्रजी मेसेज, सुरक्षेसाठी तुमचं कार्ड बदलत आहोत, नवीन कार्ड नोंदवलेल्या पत्त्यावर रवाना केलं, कुरिअरचा क्रमांक अमुक. २८ एप्रिलचा दुसरा, जुनं कार्ड ३१ मेनंतर चालणार नाही.

आईला विचारलं, हे वाचलं होतंस का? ती म्हणाली, "इंग्लिशमध्ये होतं, मला वाटलं ते लोनवाले." तिला मराठी सुंदर येतं. बाबांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची निवेदनं ती लिहून द्यायची.

म्हणजे कारण अगदी साधं होतं. मग चार फोन आणि एक शाखा, यांतल्या एकालाही ते वाचून दाखवता आलं नाही?

---

गडहिंग्लजचा_नाना | मंगळ, १० जून २०२५, २३:०५

मला तोच संशय होता. २०१६च्या ऑक्टोबरात देशभरात ३२ लाखांच्या आसपास डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचा संशय आला होता, तेव्हा बँकांनी असंच केलं. काहींनी पिन बदलायला सांगितलं, काहींनी कार्डंच बंद करून नवी धाडली. तेव्हा आमच्या शाखेत सकाळी दहाला शटर उघडायच्या आधी माणसं उभी असायची. मी दिवसभर एकच वाक्य बोलत होतो: तुमचे पैसे सुरक्षित आहेत, कार्ड तेवढं बदलायचंय. ते ऐकलं की माणूस निम्मा शांत व्हायचा.

आता तुमचं नवीन कार्ड कुठं असंल सांगू? घर बंद म्हटल्यावर कुरिअरवाला दोनदा येऊन गेला असणार. मग पाकीट परत शाखेत. शाखेत त्याची रजिस्टरला नोंद होते आणि ते कुलपात जातं. ठरावीक मुदतीत कुणी न्यायला आलं नाही तर कापून नष्ट करतात. मुदत बँकेबँकेची वेगळी असते, म्हणून वेळ घालवू नका. लेखी कळवा, पाकीट राखून ठेवा म्हणावं.

---

अपरांत | बुध, ११ जून २०२५, ०७:५०

मग थोडं कडू वाटेल पण बोलतो. चार वर्षं पत्ता बदलला नाही, मेसेज वाचला नाही. बँकेनं तर कळवलं होतं.

---

वाशिष्ठीकाठ | बुध, ११ जून २०२५, ०९:१२

पत्त्याचं माझ्याकडून राहिलं, ते मी कबूल करते. ते काम मी करायला हवं होतं.

पण अपरांत, माझा प्रश्न एप्रिलबद्दल नाहीये, ५ जूनबद्दल आहे. आईनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, शेवटच्या पेन्शनची रक्कम पैशांसकट सांगितली. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनला ओळख पूर्ण पटली होती. त्यानंतरही "सिक्युरिटी रीझन" एवढंच. त्या दोन शब्दांनी तिला काय वाटलं माहितीय? तिला वाटलं तिच्यावरच कसला तरी संशय आहे. रात्री मला विचारत होती, "पेन्शन बंद करतील का गं?" दोन रात्री झोपली नाही ती.

---

अपरांत | बुध, ११ जून २०२५, ०९:३०

हे वाचून मान्य. ओळख पटल्यावर कारण सांगायलाच हवं होतं. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

दप्तरखाना | बुध, ११ जून २०२५, १४:१८

मी ग्राहक पंचायतीच्या कामात बरीच वर्षं आहे. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

पहिली पायरी बँकेकडे लेखी तक्रार. ईमेल चालेल, शाखेत अर्ज दिला तर पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१पासून सगळ्यांसाठी एकच एकात्मिक योजना आहे. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सेवेतली त्रुटी हा तिथे तक्रारीचा मुख्य आधार, आणि गेलेला वेळ, खर्च व मनस्ताप यांपोटी २०२१च्या या योजनेप्रमाणे लोकपाल १ लाखापर्यंत भरपाई देऊ शकतो. मात्र आधी बँकेकडे तक्रार केली नसेल तर अर्ज दारातूनच परत येतो. बहुतेक लोक इथेच फसतात. रागाच्या भरात थेट लोकपालाकडे लिहितात.

आणखी दोन नियम सगळ्यांनी लिहून ठेवा. कार्डावर आपण न केलेला व्यवहार झाला आणि दोष बँकेचाही नाही, आपलाही नाही, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास आपली जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. हे ६ जुलै २०१७चं परिपत्रक. अपरांत यांना दहा दिवसांत पैसे मिळाले ते त्याच्याच आधारावर. दुसरा एटीएमचा. खात्यातून पैसे कापले पण मशीनमधून आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही आपण न मागता. हा सप्टेंबर २०१९चा नियम.

ताईंच्या बाबतीत पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे हे दोन्ही लागू होत नाहीत. तुमची तक्रार एकाच मुद्द्यावर ठेवा: ओळख पटवल्यानंतरही कारण आणि उपाय सांगितला नाही. भाषा, पत्ता, संगीत हे सगळं त्यात घातलंत तर उत्तर फक्त पत्त्याचं येईल.

---

हेडफोन_उतरवला | बुध, ११ जून २०२५, १४:४०

दप्तरखाना यांचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. आमच्याकडे पाच मुद्द्यांचा मेल आला की सगळ्यात सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन तो बंद व्हायचा.

---

रानमेवा | बुध, ११ जून २०२५, १६:०२

अवांतर: वाशिष्ठीकाठ, तुमचं घर पेठमापात का? माझं आजोळ तिथलं. मामाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. रंग दिला तरी पावसाळ्यात ओल धरून वर येते.

---

वाशिष्ठीकाठ | बुध, ११ जून २०२५, १६:३०

अवांतराला उत्तर: पेठमाप नाही, पण त्याच बाजूला. आमच्याही भिंतीवर आहे ती रेघ. आई तिच्यावर रंग लावू देत नाही.

आज मेल केला, एकाच मुद्द्याचा. तक्रार क्रमांक आला. पाकीट राखून ठेवण्याबद्दलही लिहिलंय. शनिवारी गेले असते, पण तो दुसरा शनिवार, आणि डॉक्टरांनी आईला इतक्यात घाटातून प्रवास नको म्हटलंय. कार्ड तिच्याच हातात देणार, म्हणून तिला घेऊनच जाईन.

---

लातूरची_सई | बुध, ११ जून २०२५, १७:११

तोवर आईंच्या हाताशी थोडी रोकड ठेवा ताई. पासबुक आणि स्लिप नेऊन पुण्याच्या शाखेतून त्यांना स्वतःला सही करून काढू द्या. कार्ड बंद असलं तरी पैसे आपले आपल्याला मिळतात, हे त्यांना एकदा डोळ्यांनी दिसू द्या.

---

वाशिष्ठीकाठ | शुक्र, १३ जून २०२५, १३:०५

सई, आज तेच केलं. तिनं सही केली, दोन हजार घेतले, दोनदा मोजले. येताना मला उसाचा रस पाजला.

---

वाशिष्ठीकाठ | बुध, २५ जून २०२५, २१:५०

परवा चिपळूणला जाऊन आलो. कुंभार्ली घाटात धुकं आणि धो धो पाऊस, पण आई खिडकीतून एकेक धबधबा दाखवत होती. डोळा बरा झाल्याचा आनंद.

शाखेत नानांनी सांगितलं होतं तसंच निघालं. अधिकाऱ्यानं एक लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. एप्रिलच्या पानावर आईचं नाव, पुढे कुरिअरचा क्रमांक आणि शेरा: "१७/४ घर बंद. १९/४ घर बंद." त्याच पानावर खाली आणखी अकरा नावं होती, त्यांतल्या सात जणांपुढे हाच शेरा. पुरानंतर गाव सोडून मुलांकडे राहायला गेलेली माणसं असतील. कपाटातून पाकीट निघालं, मुदत संपायला सहा दिवस राहिले होते. आईनं सही करून कार्ड घेतलं, तिथल्याच एटीएमवर पिन तयार केला.

तो अधिकारी तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेला. शाखेत माणसं चार, फोन वाजतो तेव्हा प्रत्येकासमोर रांग असते, असं त्यानं सांगितलं. मी त्याला ती सात नावं दाखवली आणि म्हटलं, यांनाही आज-उद्या फोन करा, यांच्यापैकी कुणीतरी आत्ता दवाखान्याच्या काउंटरवर उभं असेल. त्यानं पेन्सिलीनं सातही नावांपुढे खूण केली. मी निघेपर्यंत दोघांना फोन लागलेही होते.

लेखी उत्तरही मिळालं. मेलवर मुख्य कार्यालयातून आलं, कार्ड बदलण्याचं कारण स्पष्ट लिहिलंय आणि ओळख पटूनही माहिती दिली नाही याबद्दल दिलगिरी आहे. आईला मोठ्यानं वाचून, मराठीत सांगितलं. तिनं ते छापून मागितलं आणि पासबुकात ठेवलंय.

पत्ता आणि दुसरा मोबाईल नंबर म्हणून माझा नंबर, दोन्हींचे अर्ज दिले. खातं पुण्याला हलवू का, हेही विचारलं. नको म्हणाली.

---

गडहिंग्लजचा_नाना | बुध, २५ जून २०२५, २२:१५

त्या सात नावांचं तुम्ही केलंत ते फार मोठं काम झालं ताई. आईंना दंडवत.

---

गोधडी | गुरु, २६ जून २०२५, ०९:२०

किती छान वाटलं वाचून. तुम्ही बँकेला जो मेल केलात त्याचा मजकूर इथे द्याल का? माझ्या काकांचं असंच अडकलंय.

---

वाशिष्ठीकाठ | गुरु, २६ जून २०२५, १०:०५

हा घ्या, नाव-क्रमांक आपापले घाला. दप्तरखाना यांनी दोन शब्द सुधारून दिलेत.

"माझे बचत खाते आपल्या ___ शाखेत आहे. माझे डेबिट कार्ड (शेवटचे चार आकडे ___) दिनांक ___ रोजी बंद असल्याचे आढळले. मी ग्राहक सेवा क्रमांकावर दिनांक ___ रोजी ___ वाजता संपर्क साधला व विचारलेली सर्व माहिती देऊन ओळख पटवली. तरीही कार्ड बंद करण्याचे कारण व पुढील उपाय मला सांगण्यात आला नाही. कृपया (१) कार्ड कोणत्या कारणाने व कोणत्या तारखेस बंद केले, (२) ते तात्पुरते आहे की कायमचे, (३) नवीन कार्ड पाठवले असल्यास ते सध्या कोठे आहे, हे लेखी कळवावे. उत्तर मराठीत मिळावे ही विनंती."

---

दप्तरखाना | गुरु, २६ जून २०२५, १०:४८

गोधडी, काकांचा अर्ज शाखेत देणार असाल तर दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही घ्या. नुसत्या शिक्क्यावर परत येऊ नका.